आप्पांच्या आतड्याचा कॅन्सर आणि रक्तातली मायक्रोआरएनए टेस्ट: करायची की नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आप्पांचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं, वय ५८, सिग्मॉइड कोलनचं म्हणजे डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वी झालं, रिपोर्टात टी३ एन० आलं, म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या पलीकडे गेलेली पण लिम्फ नोडमध्ये पसरलेली नाही, स्टेज टू, सर्जन म्हणाले गाठ पूर्ण निघाली. आता एका लॅबच्या माणसाने सांगितलंय की रक्तातल्या नॉन-कोडिंग आरएनएची पॅनेल टेस्ट केली की कॅन्सर परत येणार का ते कळेल, पंचवीस हजार रुपये. त्यात मोठ्या भावाने मिर-२१ नावाच्या मायक्रोआरएनएवरचा एक पेपर शोधून काढला, मिर-२१ जास्त असेल तर पेशंट लवकर जातात असं त्यात आहे, आणि तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. टेस्ट करू का, आणि हाय आलं तर केमो मागून घ्यायची का, हे तुम्ही विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं कॅन्सरच्या स्लाइड बघतेय आणि मधली पाच-सहा वर्षं याच मायक्रोआरएनएच्या कामात घालवलीत, त्यामुळे या विषयावर माझा जीव आहे हे आधीच सांगते. तरी उत्तर असं की आत्ता ही टेस्ट करू नका, आणि केली आणि हाय आली तरी तेवढ्यावर केमो घेऊ नका. पण त्याआधी आप्पांच्या रिपोर्टातल्या चार-पाच गोष्टी नीट तपासून घ्या, त्यातून पंचवीस हजारांच्या टेस्टपेक्षा कितीतरी जास्त कळेल. आता का ते सांगते, जरा लांब होईल, पण भावालाही वाचायला द्या कारण त्याने शोधलेला पेपर चुकीचा नाहीये.

आपल्या डीएनएमधला जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रोटीन बनवायच्या कामाचा असतो. बाकीच्याला आम्ही शिकत होतो तेव्हा सरळ जंक म्हणायचे. पुढे कळलं की त्या बाकीच्या भागातूनही ढीगभर आरएनए तयार होतो, त्यातून प्रोटीन बनत नाही पण दुसऱ्या जीनवर त्याची सत्ता चालते. तुम्ही कृष्णाकाठचे म्हणालात म्हणून पाटकऱ्याचं उदाहरण देते. पाटकरी स्वतः काही पिकवत नाही, पण कुठलं दार उघडायचं आणि कुठलं बंद ठेवायचं हे त्याच्या हातात असतं, आणि कुणाचा ऊस जोमात येणार ते त्यावर ठरतं. नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे पेशीतले हे पाटकरी. त्यातले सगळ्यात लहान म्हणजे मायक्रोआरएनए, साधारण बावीस अक्षरांची चिठ्ठी, ती जाऊन एखाद्या जीनच्या संदेशाला चिकटते आणि त्याचं प्रोटीन बनू देत नाही. दोनशे अक्षरांहून लांब असतात ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए, आणि टोकाला टोक जुळून गोल झालेले ते सर्क्युलर आरएनए. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात सापडला, व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांचं ते काम, २०२४ चं वैद्यकाचं नोबेल त्यालाच मिळालं. कॅन्सरशी संबंध २००२ मध्ये कळला, तो रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, आणि मोठ्या आतड्याचं पहिलं काम २००३ चं, मिर-१४३ आणि मिर-१४५ हे दोघं गाठीत कमी झालेले असतात असं ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दाखवलं.

आता मिर-२१. हा पाटकरी नेमका ब्रेकवाल्या जीनची दारं बंद करतो. पीटेन आणि पीडीसीडी४ ही दोन प्रोटीनं पेशीला आवरून धरतात, वाढू नको, घुसू नको म्हणतात, मिर-२१ वाढला की ती कमी होतात. त्यामुळे गाठीत मिर-२१ जास्त असणं आणि आजार जोरात असणं यांचा संबंध लागतो हे बायॉलॉजीच्या अंगाने पटण्यासारखंच आहे.

भावाने बहुतेक २००८ चा, जामा या वैद्यकीय जर्नलमधला पेपर वाचलाय. तो चांगला पेपर आहे, मी आमच्या मुलांना अजून वाचायला लावते. अमेरिकेतले ८४ पेशंट आधी बघितले, त्यात जे दिसलं ते हाँगकाँगच्या ११३ वेगळ्या पेशंटमध्ये पुन्हा तपासलं, आणि दोन्हीकडे गाठीत मिर-२१ जास्त असलेल्यांचं जगणं कमी निघालं, हॅझर्ड रेशो, म्हणजे एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट ते सांगणारा आकडा, अडीचच्या जवळपास, स्टेज वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या पेशंटवर पुन्हा तपासणं हे या क्षेत्रात तेव्हा फार कमी लोक करायचे, अजूनही पुरेसे करत नाहीत.

पण तो पेपर गाठीच्या तुकड्यावर केलेला आहे. तुम्हाला जी टेस्ट विकतायत ती रक्तावरची आहे. एकाच नावाचा मायक्रोआरएनए असला तरी या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, एकीचा निकाल दुसरीला लावता येत नाही. आणि आप्पांची गाठ महिन्यापूर्वीच निघालीय, मग आता रक्तात जो मिर-२१ दिसेल तो कुठून आलेला असेल? मिर-२१ हा काही कॅन्सरचा खास मालकीचा नाही. जखम भरताना वाढतो, सूज असेल तर वाढतो, हृदयाच्या आजारात वाढतो, इतर कितीतरी कॅन्सरमध्ये वाढतो. पोटावर एवढा मोठा टाका, आतडं जोडलेलं, शरीर भरून येतंय, अशा वेळी तो थोडा वर असला तर त्याचा काय अर्थ लावायचा ते मला तरी सांगता येणार नाही आणि त्या लॅबच्या माणसाला तर नाहीच नाही.

हॅझर्ड रेशो अडीच वाचून घरात जी भीती बसली ती मला समजते, पण हा आकडा लोक जसा वाचतात तसा तो नसतो. नुसतं समजण्यासाठी एक हिशोब करून दाखवते, यातले आकडे आप्पांचे नाहीत. समजा कमी धोक्याच्या गटात शंभर जण आहेत आणि पाच वर्षांत त्यातल्या १५ जणांना आजार परत आला, ८५ ठीक राहिले. आता जास्त धोक्याच्या गटाचा हॅझर्ड रेशो २ असेल तर तिथे शंभरातल्या साधारण २८ जणांना परत येईल. म्हणजे जवळजवळ दुप्पट, बरोबर, पण त्या वाईट म्हटलेल्या गटातसुद्धा ७२ माणसं ठीकच आहेत की! आणि चांगल्या गटातल्या १५ जणांना परत आलाच. दोन गटांच्या सरासरीत फरक दाखवायला हा आकडा छान चालतो, पण समोर बसलेले आप्पा ७२ मधले की २८ मधले हे तो सांगत नाही. लॅबचा माणूस म्हणाला "परत येणार की नाही ते कळेल", तर ते तसं कळत नाही, कुठल्याच मार्करने कळत नाही.

आता पाटकरी कुठल्या शेताच्या बांधावर उभा आहे हा प्रश्न. हे मला स्वतःला फार आवडलेलं काम आहे म्हणून जरा रेंगाळते. सुरुवातीला सगळ्यांनी गाठीचा तुकडा घेतला, मिक्सरमध्ये घातल्यासारखा कुस्करला, आरएनए काढला आणि मोजला. मिर-२१ जास्त आला की समजायचं कॅन्सरच्या पेशीत जास्त आहे. मग डेन्मार्कच्या लोकांनी तो स्लाइडवरच रंगवून बघितला, म्हणजे कुठल्या पेशीत आहे ते डोळ्यांनी दिसेल असा, आणि निघालं काय तर तो मुख्यतः गाठीभोवतीच्या तंतूसारख्या पेशींमध्ये होता, ज्यांना आम्ही स्ट्रोमा म्हणतो. २०११ च्या त्या कामात स्टेज टू कोलनच्या पेशंटमध्ये स्ट्रोमातला मिर-२१ जास्त असेल तर आजार लवकर परत येतो असंच दिसलं. निकाल तोच, पण अर्थ बदलला. कारण ज्या गाठीत स्ट्रोमा जास्त ती गाठ मुळातच जास्त आक्रमक असते, हे मला साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरही दिसतं. मग मिर-२१ मोजून मी नवीन काही मोजतेय की स्ट्रोमाच मोजतेय, फक्त महागड्या पद्धतीने? सर्क्युलर आरएनएचंही असंच झालं. सीआयआरएस-७ नावाचा एक गोल आरएनए कोलन कॅन्सरला जोर देतो असं बरीच वर्षं छापून येत होतं, तो मिर-७ ला स्पंजासारखा शोषून घेतो वगैरे, आणि २०२० मध्ये परत डेन्मार्कच्याच लोकांनी स्लाइडवर बघितलं तर तो कॅन्सरच्या पेशीत नव्हताच, आजूबाजूच्या पेशींमध्ये होता. तुकडा कुस्करून मोजणाऱ्यांना हे कधीच कळलं नसतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पीएचडीच्या मुलाला मी आधी महिनाभर मायक्रोस्कोपवर बसवते.

रक्तावरच्या टेस्टबद्दल माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या लॅबमध्ये होते तिथे आम्ही प्लाझ्मामधला, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यातला, मिर-९२ए मोजत होतो, लवकरच्या स्टेजचे पेशंट एका बाजूला, पसरलेल्या आजाराचे दुसऱ्या बाजूला. फरक इतका सुंदर आला की सगळे खूश. आम्ही मोजणी बरोबर व्हावी म्हणून प्रत्येक नमुन्यात जंताचा एक कृत्रिम मायक्रोआरएनए ठरावीक मापाने घातलेला होता, तोही सगळीकडे सारखा येत होता, म्हणजे तक्रारीला जागा नाही असं वाटलं. मला खटकलं ते एवढंच की फ्रीझरमधल्या काही ट्यूबचा प्लाझ्मा पिवळा नव्हता, किंचित गुलाबी होता. रजिस्टर काढून बसले. लवकरच्या स्टेजचे पेशंट ओपीडीत यायचे, सकाळी रक्त घेतलं की तासाभरात सेंट्रिफ्यूज. पसरलेल्या आजाराचे पेशंट वॉर्डात अ‍ॅडमिट, त्यांचं रक्त संध्याकाळी घेतलं जायचं आणि ट्यूब रात्रभर तशीच पडून सकाळी फिरवली जायची. रात्रभरात लाल पेशी फुटायच्या. आणि मिर-९२ए लाल पेशींमध्ये भरपूर असतो! बाहेरून घातलेला जंताचा आरएनए हे पकडू शकत नाही, कारण तो घालेपर्यंत पेशी फुटून झालेल्या असतात. मग लाल पेशीत खच्चून भरलेला मिर-४५१ आणि सहसा न बदलणारा मिर-२३ए यांची तुलना करून बघितली, हीच रक्त फुटलंय का ओळखायची पद्धत आहे, तर वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त ट्यूब बाद झाल्या. आम्ही कॅन्सर मोजत नव्हतो, वॉर्डबॉय ट्यूब कधी खाली आणतो ते मोजत होतो. दोन वर्षांचं काम मी बंद केलं. वाईट वाटलं, पण ते छापलं असतं तर कुणाच्या तरी वडिलांच्या रक्तावर तसली टेस्ट विकली गेली असती.

आणि ही मोजणी किती नाजूक असते तेही सांगते. पीसीआर मशीनवर प्रत्येक सायकलला माल दुप्पट होतो, म्हणजे निकालात एका सायकलचा फरक पडला की दुप्पट किंवा निम्मं. आपण जो मिर-२१ "हाय" म्हणतो त्यात बरेचदा फरकच दोन-तीन पटींचा असतो. ट्यूब कोणती, किती वेळ ठेवली, कशाच्या तुलनेत मोजलं, यातल्या एकाने घोळ केला तरी एक सायकल इकडची तिकडे होते. तुलनेला कुठला आरएनए धरायचा यावर सगळ्या लॅबचं एकमत नाही, कोणी यू६ नावाचा दुसरा छोटा आरएनए धरतं, कोणी मिर-१६ धरतं, आणि मिर-१६ पुन्हा लाल पेशींमधला. हाय म्हणजे कितीच्या वर, हा आकडासुद्धा प्रत्येक पेपरमध्ये आपापल्या पेशंटच्या मधोमध रेघ मारून काढलेला असतो. तुमच्या लॅबची रेघ कुठल्या पेशंटवर मारलीय ते त्यांना विचारा. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पेपरांच्या ढिगाबद्दल एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते. नॉन-कोडिंग आरएनए आणि कॅन्सर या विषयावर हजारो पेपर आहेत, आणि त्यात पैसे घेऊन पेपर बनवून देणाऱ्या कारखान्यांचा मालही शिरलाय. सिडनीच्या जेनिफर बर्न यांनी वर्षानुवर्षं बसून दाखवून दिलं की कितीतरी पेपरांमध्ये जो जीन तपासला म्हणतात त्याची अक्षरंच चुकीची छापलीत, म्हणजे तो प्रयोग लिहिल्याप्रमाणे होऊच शकत नाही. त्यानंतर बरेच पेपर मागे घेतले गेले. त्यामुळे भावाला सांगा, नेटवर सापडलेला प्रत्येक "नवीन मार्कर" मनाला लावून घेऊ नको.

मग या सगळ्यात खरं काही आहे की नाही? आहे, खूप आहे. आठव्या क्रोमोझोमवर ८क्यू२४ नावाची जागा आहे, तिथे एका अक्षराच्या फरकाने कोलन कॅन्सरचा धोका थोडा वाढतो हे आधीपासून माहीत होतं पण तिथे प्रोटीनचा जीनच नव्हता, सगळे चक्रावलेले. २०१३ मध्ये कळलं की तिथून सीसीएटी२ नावाचा लाँग नॉन-कोडिंग आरएनए निघतो आणि तो जवळच्या मिक नावाच्या, पेशी वाढवणाऱ्या जीनला चेव आणतो. हॉटेअर नावाचा दुसरा एक आहे, तो जास्त असलेल्या पेशंटमध्ये लिव्हरला पसरणं जास्त दिसलं. आणि उपयोगाच्या सगळ्यात जवळ पोचलेला म्हणाल तर मिर-३१-३पी. तो पसरलेल्या आजारात, रास जीन नॉर्मल असलेल्या पेशंटच्या गाठीत मोजतात. फायर-३ नावाच्या जर्मन ट्रायलचे जुने ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, काढून तो मोजला, तर ज्यांच्यात कमी होता त्यांना सेटुक्सिमॅब या औषधाचा बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधापेक्षा जास्त फायदा झालेला दिसला, ज्यांच्यात जास्त होता त्यांच्यात फरक नव्हता. पण तो आप्पांच्या स्टेजचा प्रश्नच नाही.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, हाय आलं तर केमो घ्यायची का. आजार किती जोरात आहे हे सांगणारा मार्कर वेगळा आणि कुठल्या औषधाने फायदा होईल हे सांगणारा वेगळा. मिर-३१-३पी दुसऱ्या जातीचा आहे, निदान तसा दावा आहे. मिर-२१ पहिल्या जातीचा. मिर-२१ जास्त असलेल्यांना केमो दिली की ते वाचतात, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे हाय आलं तर हातात फक्त भीती येते, औषध येत नाही. आणि लो आलं तर? तर समजा रिपोर्टात खरोखरचा धोका लिहिलेला असताना तुम्ही निर्धास्त राहिलात, ते मला जास्त भयंकर वाटतं.

टेस्टच्या जोरावर केमोचा निर्णय बदलायचा तर पुरावा कसा लागतो ते ऑस्ट्रेलियाच्या डायनॅमिक ट्रायलमध्ये बघा, २०२२ मध्ये आली. ती आरएनएची नाही, रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या डीएनएची. स्टेज टूचे ४५५ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले, एकात रक्तातला डीएनए बघून केमो ठरवली, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. डीएनए बघून ठरवलेल्या गटात १५ टक्के लोकांनाच केमो लागली, दुसऱ्यात २८ टक्के, आणि दोन वर्षांनी आजार न येता राहिलेले दोन्हीकडे जवळजवळ सारखे, ९३.५ आणि ९२.४ टक्के. टेस्टने निर्णय बदलला आणि पेशंटचं नुकसान झालं नाही, हे असं दाखवावं लागतं. नॉन-कोडिंग आरएनएसाठी कोलन कॅन्सरमध्ये ही पायरी अजून यायची आहे, म्हणून मोठ्या गाइडलाइनमध्ये ती टेस्ट नाही. येऊ शकत नाही असं नाही. प्रोस्टेटमध्ये पीसीए३ नावाचा लाँग नॉन-कोडिंग आरएनए लघवीतून मोजतात, अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, कारण त्यांनी प्रश्न अगदी छोटा ठेवला होता, आधीची बायोप्सी निगेटिव्ह आलेल्या माणसाची पुन्हा बायोप्सी करायची का, एवढाच.

आता आप्पांचा रिपोर्ट काढा आणि समोर ठेवा. पहिली गोष्ट, किती लिम्फ नोड, म्हणजे आतड्याजवळच्या चरबीतल्या छोट्या लसिका गाठी, तपासले. एन० म्हणजे तपासलेल्यांपैकी एकातही कॅन्सर नाही, पण तपासले किती? किमान बारा हवेत. हे मी उगाच सांगत नाही. एक पन्नाशीतल्या बाई होत्या, बाहेरच्या रिपोर्टात सहा नोड, सगळे स्वच्छ, स्टेज टू. त्यांच्या मुलाने स्पेसिमेनची, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याची, बरणीच आमच्याकडे आणून दिली. मी आणि माझी टेक्निशियन दुपारभर ती चरबी बोटांनी चाचपत, पातळ काप करत बसलो, आणखी अकरा नोड सापडले, त्यातला एक तांदळाच्या दाण्याएवढा पॉझिटिव्ह निघाला. स्टेज टूची थ्री झाली, केमो ठरली. या बाईंच्या बाबतीत कुठल्याही आरएनए टेस्टने जेवढा फरक पडला असता त्याहून जास्त फरक चरबी परत चाचपण्याने पडला. तुमच्या रिपोर्टात आकडा बाराच्या खाली असेल तर आजच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत जाऊन विचारा की बरणी अजून ठेवलीय का, कारण ती काही आठवड्यांनी टाकून देतात. ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं राहतात.

दुसरी गोष्ट एमएमआर, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. त्याची चार प्रोटीनं असतात, एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२, त्यांचं आयएचसी, म्हणजे प्रोटीन आहे का ते स्लाइडवर रंगवून बघणं, त्याच ब्लॉकवर होतं, काही हजारांत, आणि ते केलेलंच नसेल तर सगळ्यात आधी तेच करा. कोलन कॅन्सरच्या शंभरात पंधराएक जणांत यातलं एखादं प्रोटीन गायब असतं. तसं असेल तर स्टेज टूमध्ये आजार परत यायचा धोका मुळातच कमी, आणि नुसत्या फाइव्ह-एफयू या एकाच औषधाच्या केमोचा अशांना फायदा होत नाही. बघा, हा एक मार्कर धोकाही सांगतो आणि औषधाचंही सांगतो. वर लिंच सिंड्रोम म्हणजे घराण्यातून आलेला कॅन्सर आहे का याचा पहिला धागाही इथेच मिळतो. एमएलएच१ गायब असेल तर पुढे बीआरएएफ नावाचा जीन बघतात, घाबरू नका, ते पॅथॉलॉजिस्ट सांगतील.

बाकी मग रिपोर्टात बघा रक्तवाहिनीत किंवा नसेभोवती शिरकाव लिहिलाय का, ग्रेड काय आहे, मार्जिन म्हणजे कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, आणि ऑपरेशनच्या वेळी आतडं पूर्ण तुंबलेलं किंवा फुटलेलं होतं का, हे शेवटचं सर्जनला विचारा कारण ते आमच्या रिपोर्टात कधीकधी येतच नाही. यातलं काही असेल तर ऑन्कॉलॉजिस्ट केमोचा विचार करतील आणि तो विचार बरोबर असेल. काहीच नसेल, नोड पुरेसे असतील, तर टी३ एन० मध्ये केमो न देता लक्ष ठेवणं हेही योग्यच उत्तर आहे, त्यात हलगर्जीपणा नाही. तुमच्या भागातल्या डॉक्टरांवर मन बसत नसेल तर ब्लॉक आणि स्लाइड घेऊन टाटा मेमोरियलला सेकंड ओपिनियन घ्या, स्लाइड परत बघितल्या जातात, मला तर कुणी माझा रिपोर्ट दुसरीकडे दाखवला तर बरंच वाटतं.

पुढची तपासणी चुकवू नका. सीईए, ही रक्तातल्या कॅन्सरच्या एका खुणेची टेस्ट, पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, सीटी ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील तेव्हा, आणि वर्षाने कोलोनोस्कोपी. सीईए एकाच लॅबमधून करा, दर वेळी लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत आणि मग रात्री-अपरात्री फोन येतात. टाके भरले, सर्जनने परवानगी दिली की आप्पांना चालतं करा. २०२५ मध्ये चॅलेंज नावाची ट्रायल आली, ८८९ पेशंट, केमो संपलेल्या कोलन कॅन्सरच्या लोकांना तीन वर्षं बांधून दिलेला व्यायाम करायला लावला, तर पाच वर्षांनी आजार न येता राहिलेले ८०.३ टक्के, आणि नुसती माहिती दिलेल्या गटात ७३.९. आप्पा त्यातले अगदी तंतोतंत नसतील, पण रोज मळ्यापर्यंत चालत जाऊन यायला कुणाची प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

मायक्रोआरएनएची टेस्ट उद्या खरोखर कामाची झाली तर? तरीही आज काही हातचं जात नाही. बावीस अक्षरांचा हा तुकडा इतका छोटा असतो की फॉर्मलिन आणि मेणाच्या ब्लॉकमध्येही वर्षानुवर्षं टिकतो, लांब आरएनएचे मात्र तुकडे होतात. म्हणून ब्लॉक नंबर लिहून ठेवा, ब्लॉक सांभाळून ठेवायची विनंती अर्ज करून द्या, पुढे लागला तर आप्पांच्या त्याच गाठीवर टेस्ट करता येईल. आणि कुणी रिसर्चसाठी नमुना मागितला, मोफत, संमतीपत्र घेऊन, एथिक्स कमिटीची परवानगी दाखवून, तर जरूर द्या. त्यातूनच हे काम पुढे जाईल. आपल्याकडचा कोलोरेक्टल कॅन्सर थोडा वेगळा आहे, टाटा मेमोरियलच्या ८०० पेशंटच्या एका आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं, सिग्नेट रिंग जातीच्या गाठीही पाश्चात्य देशांपेक्षा जास्त, तेव्हा अमेरिका आणि हाँगकाँगच्या माणसांवर मारलेली रेघ कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला चालेल का हे तपासायचं तर आपलेच नमुने लागणार. फक्त रिसर्चच्या नावाखाली पंचवीस हजार घेतले तर तो रिसर्च नाही.

राहिले ते पंचवीस हजार. तुम्ही लिहिलंय की भाऊ ४१ वर्षांचा आहे आणि तुम्ही ३३ चे. वडिलांना कोलन कॅन्सर झाला की मुलांची पहिली कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. म्हणजे भावाची वेळ झालेली आहे, एक वर्ष वर झालंय. एमएमआरमध्ये काही गायब निघालं आणि पुढे लिंच पक्का झाला, तर तुम्हीही थांबायचं नाही, तुमच्या वयात एव्हाना एक-दोन वर्षांनी होणारी कोलोनोस्कोपी सुरू झालेली असायला हवी. आत्याच्या आणि काकांच्या पोटाच्या, गर्भाशयाच्या आजारांची चौकशी करून एका कागदावर लिहून काढा, कोणाला कुठल्या वयात काय झालं, तो कागद ऑन्कॉलॉजिस्टला द्या. भावाची कोलोनोस्कोपी या महिन्यात करून टाका, त्या पैशांतून होईल आणि उरतीलही, आणि त्यात पॉलिप सापडला तर तिथल्या तिथे काढून टाकतात.